“आबास्नी काय सांगू नगासा”: कॅन्सरच्या अखेरच्या टप्प्यात घरच्यांना आधार कसा द्यायचा

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरात कॅन्सर वॉर्डवर नव्याने रुजू झालेल्या एका वैद्यकीय समाजसेविकेने विचारलं आहे की, आजार यकृतात, फुप्फुसांत किंवा हाडांत पसरलेला असतो, केमो थांबवलेली असते, आणि नातेवाईक दाराबाहेर गाठून म्हणतात, “आबास्नी काय सांगू नगासा.” घरी न्या म्हटलं तर घाबरतात, ठेवून घ्यावं तर बिलाने मोडतात. अशा घराला आधार द्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

आधी मुद्द्याचं. या घरांना धीराच्या शब्दांपेक्षा पुढे काय काय होणार हे वेळेआधी कळण्याची गरज जास्त असते. रात्री दोनला घशात घरघर सुरू झाली, तर ज्यांना हे आधी सांगितलेलं आहे ते माणसाला कुशीवर वळवतात आणि शेजारी बसतात. ज्यांना कुणी सांगितलेलंच नाही ते गाडी काढतात, आणि पहाटे आबा आयसीयूत नळ्यांमध्ये असतात. तुमच्या कामाचा मोठा भाग ही दुसरी रात्र टाळण्याचा आहे.

सुरुवात बैठकीपासून करा. कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. खोली, सगळ्यांना खुर्च्या आणि निदान अर्धा तास हवा. वेळही घराकडे बघून ठरवा. भुदरगड, शाहूवाडी, आजऱ्याकडच्या घरांत सकाळ-संध्याकाळ धारा काढायच्या असतात, डेअरीला दूध घालायचं असतं, आणि कारखाने सुरू असले की ऊसतोडीची टोळी दारात असते. सकाळच्या राऊंडला कॉटपाशी एखादा चुलतभाऊच सापडतो. त्याला सांगितलेलं घरी पोचेपर्यंत निम्मं गळतं आणि निम्मं बदलतं. दुपारी बारा ते तीन ही वेळ बहुतेकांना जमते, शिवाय परतीची एसटीही मिळते. डॉक्टर, सिस्टर आणि तुम्ही असे तिघेही त्या खोलीत हवेत, म्हणजे पुढे तिघांकडून तीन वेगळी उत्तरं जात नाहीत.

बोलायला बहुतेक वेळा मोठा भाऊ, जावई किंवा गावातला कुणी जाणता माणूस पुढे होतो. त्याचा मान ठेवा, पण दाराशी पदर धरून उभ्या असलेल्या बाईकडे वळून विचारा: “वहिनी, रात्री यांच्याजवळ कोण असतं? तुम्हाला काय दिसतंय?” बहुतेक वेळा सगळ्यात अचूक माहिती तिच्याकडेच असते. आणि पुढचं सगळं करायचं असतं तेही तिलाच.

पहिला प्रश्न नेहमी त्यांना विचारायचा: “आत्तापर्यंत तुम्हाला काय सांगितलंय?” उत्तर येईल, “गाठ हाय म्हणालेत, लाईट दिल्यावर जाईल.” (लाईट म्हणजे रेडिएशन.) मग कुठून सुरुवात करायची ते कळतं. वाईट बातमीआधी एक वाक्य सावध करणारं ठेवा, “रिपोर्ट आपण धरून चाललो होतो तसे आलेले नाहीत.” इथे थांबा. मग साध्या शब्दांत सांगा, की आजार पसरलाय, तो पूर्ण घालवणारा उपचार आता नाही, पण दुखणं, दम, उलट्या, जखम यांवर उपचार आहेत आणि ते आम्ही करत राहू. “आता आमच्या हातात काही नाही” हे वाक्य कधीच वापरू नका. ते खोटं तर आहेच, पण ते ऐकलेलं घर थेट कुठल्या तरी पुडीवाल्याकडे जातं.

आता “सांगू नका” याबद्दल. यावर वाद घालू नका आणि वचनही देऊ नका. बहुतेक वेळा त्यामागे माया आणि भीती असते. “कळलं तर हातपाय गाळतील” ही ती भीती. विचारा, “त्यांना कळलं तर काय होईल असं वाटतं?” पूर्ण ऐकून घ्या. मग सांगा, “मी आपणहून काही सांगणार नाही. पण त्यांनी मला थेट विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. त्यांना किती ऐकायचंय तेवढं आधी विचारेन.” यावर घर बहुतेक वेळा तयार होतं. मग रुग्णाजवळ एकट्याने बसा आणि विचारा, “आबा, तब्येतीबद्दल तुम्हाला स्वतःला काय वाटतंय? रिपोर्टबद्दल तुमच्याशी बोलावं की मुलाशी बोललं तर चालेल?” काही जण स्पष्ट सांगतात, “पोरालाच सांगा.” तोही त्यांचाच निर्णय आहे, तो मोडू नका. पण बरेच जण विचारतात, “किती दिवस ऱ्हायलेत?” म्हणजे त्यांना आधीच कळलेलं असतं. बायकोला त्रास नको म्हणून ते गप्प, आणि त्यांना त्रास नको म्हणून बायको गप्प. ही गाठ सोडवायची असेल तर दोघांच्या संमतीने दोघांना एकत्र बसवा, एक-दोन वाक्यं तुम्ही बोला आणि पुढे शांत राहा. झाकून ठेवण्याचं नुकसान व्यवहारातही होतं. धाकटीचं लग्न, वाटणी, बँकेतला वारस, कुणाची माफी मागायची राहिलेली, हे सगळं माणूस शुद्धीत असतानाच होतं.

किती दिवस, हा प्रश्न येणारच. तारीख सांगू नका, आणि “देवाच्या हातात” म्हणून टाळूही नका. एक ठोकताळा उपयोगी पडतो: प्रकृतीतला फरक महिन्या-महिन्याने दिसत असेल तर हातात महिने आहेत, आठवड्याने दिसत असेल तर आठवडे, आणि रोज फरक पडत असेल तर दिवस. घरच्यांनाच विचारा, “मागच्या अमावस्येला आबा चालत संडासला जात होते का?” उत्तर देता देता त्यांना स्वतःलाच कळतं.

मग येतो पुण्याचा किंवा दुबईचा मुलगा. चार महिने फोनवर होता, आज विमानाने आलाय, आणि त्याला सगळं आजच करायचंय. वॉर्डवर त्याचा राग येतो. पण त्याला मागचे चार महिने कुणी दाखवलेलेच नाहीत. त्याच्यासाठी वेगळी बैठक घ्या, स्कॅन आणि वजनाचे आकडे समोर ठेवा, एक रात्र त्याला कॉटपाशी थांबू द्या. “एकदा टाटाला दाखवू” असं तो म्हणाला तर अडवू नका, पण रुग्णाला महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये घालण्याआधी फाईल, स्कॅनची सीडी आणि बायोप्सीच्या स्लाईड-ब्लॉक घेऊन एकट्याने मुंबईला जाऊन यायला सांगा. टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडशी जोडलेली ‘नव्या’ ही ऑनलाइन मत देणारी सेवाही आहे. न्यायचंच ठरलं तर रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टियर एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, आणि सोबतच्या एका माणसाला त्याच वर्गांत 75 टक्के सवलत मिळते. त्यासाठी डॉक्टरांच्या सहीचा ठराविक नमुन्यातला दाखला आधी करून घ्या.

पैशाबद्दल आपणहून बोला. “काही पण करा, पैशाचं बघू नका” म्हणणाऱ्या मुलाने सोसायटीचं कर्ज आधीच उचललेलं असतं आणि पुढच्या उसाच्या बिलावरही हात टाकलेला असतो. पुढची महागडी केमो किंवा इंजेक्शन ठरण्याआधी घरच्यांनी डॉक्टरांना तीन गोष्टी तोंडावर विचाराव्यात: याने आजार बरा होणार का, नसेल तर साधारण किती काळ वाढेल, आणि तो काळ घरी जाईल की दवाखान्यात. हे प्रश्न कागदावर लिहून त्यांच्या हातात द्या. ही उत्तरं ऐकूनही शेत विकायचं ठरलं तर तो त्यांचा निर्णय. पण उत्तर न मिळता विकलं गेलेलं शेत हा आपला दोष आहे.

महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांच्या एकत्रित योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाकडे) पहिल्याच दिवशी पाठवा, डिस्चार्जच्या दिवशी नव्हे. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन आणि 10 टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखीव असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1 लाख 80 हजार आणि 3 लाख 60 हजार आहे, आणि तहसीलदारांचा दाखला लागतो. घरी लागणारं सामान, म्हणजे डायपर, गॉज, हवेची गादी, कमोडची खुर्ची, यांचा खर्च मात्र घरालाच पडतो. गादी आणि खुर्ची भाड्याने मिळते, विकत घेऊ देऊ नका.

घरी जायचं ठरलं की सगळ्यात जास्त वेळ मॉर्फिनवर, म्हणजे तीव्र दुखण्यावरच्या औषधावर द्या, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे होतात. साधी गोळी चार तास काम करते, म्हणून ती घड्याळाने द्यायची: सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6 आणि रात्री 10. रात्रीचा डोस डॉक्टर बहुधा दुप्पट लिहितात, म्हणजे मध्यरात्री उठवावं लागत नाही. घरी काय होतं, तर “दुखलं की देऊ” म्हणून डबा ट्रंकेत जातो. दुखणं वर चढल्यावर एक गोळी पुरत नाही, आणि मग “गोळीचा गुण येत नाही” असं ठरतं. मधेच कळ आली तर जादाचा एक डोस, साधारण चार तासांच्या डोसएवढा, द्यायचा असतो. तो आकडा डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या आणि दिलेला प्रत्येक जादा डोस वहीत वेळेसह टिपायला सांगा. पुढचा डोस त्या वहीवरूनच ठरतो. गोळी सुरू झाल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषधही रोज हवं. पहिले काही दिवस मळमळ आणि गुंगी असते, ती ओसरते. बद्धकोष्ठ ओसरत नाही. पाच-सहा दिवस शौचाला झालं नाही की पोट फुगतं, उलट्या होतात, आणि घर मॉर्फिनच बंद करून टाकतं. “सवय लागेल का?” याचं उत्तर ठामपणे द्या: दुखण्यासाठी, ठरलेल्या मात्रेत घेतलेल्या गोळीने व्यसन लागत नाही. हाक मारून जाग येत नसेल, अंगाला झटके येत असतील किंवा श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी झाले असतील, तर पुढचा डोस न देता लगेच फोन करायचा. लघवी कमी झालेल्या, किडनी थकलेल्या रुग्णात हे लवकर होतं.

मॉर्फिन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. मान्यताप्राप्त केंद्रातूनच मिळतं. साठा पाच दिवसांवर आला की केंद्राला फोन, असं वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून द्या. आपल्याकडे यात पावसाचीही भर पडते. 2019 आणि 2021 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता, आणि चिखली-आंबेवाडीसारखी गावं पाण्यात जातात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी 39 कडे सरकायला लागलं की नदीकाठच्या आणि पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावड्याकडच्या घरांची यादी काढून दोन आठवड्यांचं औषध आधीच पोचवा.

दुसरी मोठी धास्ती जेवणाची. “काहीच खाईनात” म्हणत घरातल्या बायका रडकुंडीला येतात, आणि आडवं झोपवून तोंडात पेज ओततात. ती श्वासनलिकेत जाते आणि न्यूमोनिया होतो. समजावून सांगा की आजार या टप्प्याला आला की शरीराला अन्न वापरता येत नाही आणि भूक त्यामुळेच मरते. जेवण कमी झाल्यामुळे माणूस चाललेला नसतो. बसवून, मागतील तेव्हा, दोन चमचे नाचणीची आंबील किंवा ताक, आणि मान फिरवली की थांबायचं. गावातल्या डॉक्टरला बोलावून सलाईन लावण्याचा आग्रह शेवटच्या दिवसांत हमखास होतो. तेव्हा ते पाणी पायांत आणि फुप्फुसांत साठतं, सूज वाढते, घरघर वाढते. त्याऐवजी तोंड ओलं ठेवायचं काम द्या. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालायचा, बोटाला गॉज गुंडाळून दर दोन तासांनी जीभ, गाल, हिरड्या पुसायच्या. ओठांना खोबरेल लावायचं, ऑक्सिजन चालू असेल तर मात्र तेल किंवा व्हॅसलीन नको. चमच्याने पाजायची आस या कामातही पुरी होते, हे आयांना आणि सुनांना आवर्जून सांगा.

तंबाखू-मिश्रीमुळे आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरच्या उघड्या जखमा बऱ्याच दिसतात, आणि वासामुळे माणूस गोठ्याशेजारच्या खोलीत एकटा पडतो. वास येतो तो जखमेतल्या जंतूंचा, आणि तो कमी करता येतो. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात दीड चमचा मीठ घालून त्याने जखम धुवायची. चिकटलेला गॉज ओढायचा नाही, त्याच पाण्याने भिजवून सोडवायचा. मग डॉक्टरांनी सांगितलेल्या मेट्रोनिडॅझोलच्या (जंतू मारणाऱ्या औषधाच्या) गोळ्यांची बारीक पूड भुरभुरून नवा गॉज लावायचा. दोन-तीन दिवसांत खोलीत बसता येतं, नातवंडं परत जवळ येतात. मानेवरची जखम मोठ्या रक्तवाहिनीजवळ असेल तर अचानक मोठा रक्तस्राव होऊ शकतो. हे घरातल्या एका खंबीर माणसाला बाजूला घेऊन सांगा, आणि गडद रंगाचे तीन-चार टॉवेल उशाशी ठेवायला लावा. पांढऱ्या चादरीवरचं रक्त लोकांना वर्षानुवर्षं छळतं. जेवणासाठी नाकातून घातलेली नळी असेल तर डोकं उंच ठेवून एका वेळी 200 मिलीपर्यंत पातळ अन्न घालायचं, नंतर 30 मिली पाण्याने नळी धुवायची आणि अर्धा तास आडवं करायचं नाही. नळीवर नाकाशी पेनाने केलेली खूण सरकलेली दिसली तर काहीही घालू नये.

शेवटचे दिवस कसे असतात हे बैठकीतच सांगून टाका आणि त्याचा एक कागद द्या. झोप वाढते, बोलणं तुटक होतं. लघवी कमी आणि गडद होते. हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर निळसर जाळी दिसते. श्वास भरभर होतो, मग काही सेकंद थांबतो, परत सुरू होतो. गिळणं थांबल्याने घशात स्राव साठून घरघर होते. ती ऐकणाऱ्यांना असह्य वाटते, पण ग्लानीतल्या रुग्णाला तिचा त्रास होत असल्याची चिन्हं दिसत नाहीत. कुशीवर वळवायचं, डोकं थोडं वर, आणि डॉक्टरांनी आधी देऊन ठेवलेलं औषध. काही जण शेवटी तळमळतात, कपडे ओढतात, गेलेल्या माणसांना हाका मारतात. त्याला “वेड लागलं” म्हणू नये. आधी लघवी तुंबली आहे का, दुखतंय का ते बघावं, मग फोन करावा. जवळ बसून बोलत राहावं, कारण ऐकू येत असण्याची शक्यता शेवटपर्यंत असते.

108 तातडीची सेवा आहे. ती बोलावली की रुग्ण रुग्णालयात जाणार आणि तिथले डॉक्टर वाचवण्याची शर्थ करणार. व्हेंटिलेटर नको असेल तर ते आधी ठरवून, डॉक्टरांशी बोलून, डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यायला हवं. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये आगाऊ वैद्यकीय निर्देशाला, म्हणजे पुढे कोणते उपचार नकोत हे रुग्णाने आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली आणि 2023 मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोरची सही पुरते. ती रुग्णाने शुद्धीत असताना करायची असते. त्याच जोडीला दुसरी गोष्ट बजावून सांगा: बेशुद्ध माणसाचा अंगठा कुठल्याही कागदावर उठवायचा नाही. शेजारच्या खोलीतला भाऊ उद्या कोर्टात जातो आणि तेराव्याआधी घर फुटतं.

घरी मृत्यू झाला तर मरणाच्या कारणाचा दाखला, नमुना 4 अ, उपचार करणारा डॉक्टर देतो. म्हणून गावातल्या डॉक्टरांना डिस्चार्ज कार्डाची प्रत आधीच नेऊन द्यायला सांगा. नोंद 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत करायची. उरलेलं मॉर्फिन घरात ठेवायचं नाही, केंद्रात परत द्यायचं.

सेवा करणारी बाई कधी झोपते, हे प्रत्येक भेटीत विचारा. नुसतं “काळजी घ्या” म्हणून काही होत नाही. बैठकीतच रात्रीच्या पाळ्या लावून घ्या, नावानिशी. धाकटे दीर, मेहुणे, पुतणे यांना कामं नेमून द्या: एकाकडे औषधं आणणं, एकाकडे म्हशी, एकाकडे भेटायला येणाऱ्यांना बाहेरच्या सोप्यात थांबवणं. बाईची स्वतःची बीपी-साखरेची गोळी याच काळात हमखास चुकते. मुलांना “आजोबा गावाला गेलेत” असं सांगू देऊ नका. आजोबा खूप आजारी आहेत, ते बरे होणार नाहीत, आणि यात तुझी काही चूक नाही, एवढं सहा-सात वर्षांच्या पोरालाही समजतं.

मृत्यूनंतर घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन, मग दहावं, तेरावं. चौदाव्या दिवशी सगळे निघून जातात. तुमचा फोन तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जाऊ द्या, आणि तो जिने सेवा केली तिलाच जाऊ द्या. “शेवटची गोळी मी दिली, त्यामुळेच गेले का?” हा प्रश्न बहुतेक तेव्हा निघतो. त्याचं उत्तर वही समोर ठेवून, आकड्यांनिशी द्या: त्या दिवशी मात्रा तीच होती, आजार पुढे गेला होता. परत सहा महिन्यांनी फोन करा. झोप नाही, जेवण नाही, घराबाहेर पडणं बंद, “मला पण न्या” असं बोलणं, यातलं काही ऐकू आलं तर मानसोपचार तज्ज्ञाची वेळ तुम्हीच घेऊन द्या. तोपर्यंत टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.